रात्रीचे युनिट, दिवसाचा दर

इंग्लंडमध्ये लाइटबिल भरायची वेळ नंतर येते. आधी ते दाखवायचे असते. बँकेत खाते उघडायला गेलेल्या नव्या भाडेकरूकडे पासपोर्ट असतो, व्हिसा असतो, नोकरीचे पत्र असते. काउंटरमागची बाई ते सगळे गोड हसून परत करते आणि विचारते, पत्त्याचा पुरावा म्हणून विजेचे नाहीतर पाण्याचे बिल आहे का? वीज कंपनीला फोन करावा, तर तिकडची तितकीच गोड बाई सांगते, दरमहा बँकेतून परस्पर रक्कम वळती करून दिलीत तर स्वस्त पडेल, हातात बिल आल्यावर भरणाऱ्यांना दर जास्त असतो. तेव्हा खाते क्रमांक सांगा. खात्यासाठी बिल आणि बिलासाठी खाते, अशी ही जोडगोळी.

अकोल्याहून नोकरीसाठी स्लाऊला आलेल्या एका गृहस्थांच्या दारात मात्र पहिल्याच आठवड्यात वीज कंपनीचा लखोटा पडला. त्यांनी हरखून तो उचलला. वर नाव होते, ‘दी ऑक्युपायर’. म्हणजे जो कोणी आत राहत असेल तो. तिथल्या नियमानुसार घराची किल्ली हातात पडली, की आधीपासून वीज देणारी कंपनीच तुमची कंपनी ठरते. सही नको, अर्ज नको, की वायरमनच्या हातात चहापाणी नको. कंपनी पुढे बदलता येते, पण तोवर मीटर तुमच्या नावाने, किंबहुना बिननावाने, फिरतच असतो. बँकेला तो लखोटा चालला नाही. बँकेच्या मते ‘दी ऑक्युपायर’ या गृहस्थांचा पासपोर्टही हवा होता.

आता गृहस्थ वीज वाचवण्यात काही कच्चे नव्हते. अकोल्यात मे महिन्यात पारा पंचेचाळिसावर जातो, कूलर दिवसरात्र घरघरतो आणि वापर तीनशे युनिटांच्या वर सरकला की महावितरणचा पुढचा, महाग स्लॅब सुरू होतो. त्यामुळे खोलीतून पाय बाहेर टाकण्याआधी हात बटणाकडे जायचा, हा संस्कार त्यांच्यावर शुभंकरोतीच्याही आधी झाला होता. स्लाऊच्या दोन खोल्यांत त्यांनी तो नेटाने चालवला. पत्नी स्वयंपाकघरातून मीठ घेऊन बाहेर आली, तेवढ्या वेळात मागचा दिवा गेलेला असे. ती पोळी लाटत असतानाही एकदोनदा गेला.

महिन्याचे बिल आले तेव्हा या सगळ्या अंधाराची किंमत त्यांनी कागदावर मांडली. ९ वॅटचा एलईडी बल्ब शंभर तास जळला, तरी एक युनिट पुरे होत नाही. २०२४ च्या सुमारास युनिटला साधारण २५ पेन्स पडत. उलट न्हाणीघरातला विजेचा शॉवर साडेनऊ किलोवॅटचा. त्याखाली गाणे म्हणत दहा मिनिटे उभे राहिले की दीड युनिटाहून जास्त वीज गेली. तेवढ्यात तो बल्ब आठवडाभर रात्रंदिवस जळाला असता. दिव्याखाली बसून बचत करणारा माणूस गरम पाण्याखाली उभा राहून ती वाहून घालवत होता, आणि पत्नीने हा हिशेब बघून एवढेच म्हटले, “म्हणजे मी उजेडात पोळ्या लाटू शकते ना?”

पुढच्या उन्हाळ्यात दोघे घराला कुलूप लावून अकोल्याला गेले. जाताना फ्रिज रिकामा केला, सगळी बटणे बंद केली, मेन स्विचही खाली ओढला. परतल्यावर बिल होतेच. इंग्लंडमध्ये वापराआधी ‘स्टँडिंग चार्ज’ असतो: जोडणीचा रोजचा आकार, अलीकडच्या काळात दिवसाला ५० ते ६० पेन्स. घरात कोणी असो वा नसो, वर्षाकाठी दोनशे पौंडांच्या आसपास निघून जातात. महावितरणच्या बिलावरही स्थिर आकार असतोच. पण तिथे वीज कमी वापरली तर युनिटचा दरही खालचा लागतो आणि काटकसरीचे चीज होते. इकडे पहिल्या युनिटापासून दर तोच आणि वर रोजचा आकार, त्यामुळे कमी वीज वापरणाऱ्याला एकेक युनिट महागात पडते. गृहस्थांना एकाच गोष्टीचे समाधान होते: विजेवरचा कर अवघा ५ टक्के. महाराष्ट्रात घरगुती वीज शुल्क १६ टक्के. दूरदेशी कर कमी आहे या आनंदात त्यांनी एक कप चहा जास्त घेतला.

आनंद हिवाळ्यापर्यंत टिकला. त्यांच्या इमारतीत गॅस नव्हता. भिंतीला पांढऱ्या, जाडजूड पेट्या होत्या. त्यांना स्टोरेज हीटर म्हणतात. पोटात विटा असतात. रात्री वीज स्वस्त असते तेव्हा विटा तापवायच्या आणि दिवसभर ती ऊब पुरवून खायची, अशी योजना. या स्वस्ताईचे नाव ‘इकॉनॉमी सेव्हन’. रात्रीचे सात तास दर निम्म्याच्या आसपास, आणि त्याची भरपाई म्हणून दिवसाचा दर नेहमीपेक्षा चढा. १९७० च्या दशकाच्या अखेरीस ही पद्धत सुरू झाली, कारण रात्री कारखाने आणि माणसे झोपली तरी मोठी वीज केंद्रे चटकन थांबवता येत नाहीत. त्यांची वीज कुणीतरी खपवायला हवी होती.

पेटीवर दोन बटणे, ‘इनपुट’ आणि ‘आउटपुट’. उद्या थंडी किती पडणार याचा अंदाज करून आज झोपताना इनपुट ठरवायचे. आउटपुट दिवसभर कमी ठेवायचे आणि संध्याकाळी वाढवायचे. घरमालकाने यातले काही सांगितले नव्हते. गृहस्थांनी दोन्ही बटणे पूर्ण फिरवली. परिणामी पहाटे चार वाजता घरात अकोल्याचा मे अवतरे, दोघे पांघरूण फेकून घामाघूम उठून बसत, आणि संध्याकाळी कामावरून येईतो विटा गार. मग ते अ‍ॅमेझॉनवरून मागवलेला पंख्याचा हीटर लावत. तो दिवसाच्या चढ्या दराने चाले.

या सात तासांचेही एक पंचांग असते. ते कुठून कुठपर्यंत, हे भागाभागाप्रमाणे बदलते. मार्चअखेर सारा देश घड्याळे तासभर पुढे करतो. पुष्कळ जुने मीटर मात्र बारा महिने ग्रीनिचच्या वेळेला चिकटून राहतात. म्हणजे उन्हाळ्यात कपडे धुण्याचे यंत्र साडेबाराला लावणाऱ्याने खरे तर दीडला लावायला हवे. काही मीटरांना तर वेळ सांगायला बीबीसी होती. रेडिओ फोरच्या लाँगवेव्ह प्रक्षेपणात मिसळलेला एक न ऐकू येणारा संकेत हजारो घरांतले मीटर रात्रीच्या दरावर आणि परत दिवसाच्या दरावर ढकलायचा. बातम्या, नाटके आणि क्रिकेटचे धावते वर्णन यांच्याखालून विटा तापत होत्या. ही सेवा ३० जून २०२५ पासून टप्प्याटप्प्याने बंद होऊ लागली आणि मीटर बदलून घेण्याची पत्रे घरोघर गेली.

त्याच्या आधीच्या एका हिवाळ्यात मुलीच्या बाळंतपणासाठी सासूबाई आल्या. घरी तपासायला आलेल्या मिडवाइफने सांगितले, बाळाच्या खोलीत १६ ते २० अंश पुरे. सासूबाईंनी याचे मराठी करून घेतले आणि त्या बाईकडे असे पाहिले, की तिने स्वतःच कोटाची बटणे लावली. ओव्याच्या धुरीचा प्रयोग स्मोक अलार्मने पहिल्याच दिवशी हाणून पाडला. पण बाकी घराचा कारभार त्यांनी दोन दिवसांत ओळखला. शॉवर त्यांना पटलाच नाही. रात्रीच्या दरात टाकीत तापलेले पाणी बादलीत घेऊन त्या तांब्याने अंघोळ करत. बादलीला जेमतेम अर्धा युनिट, तोही स्वस्तातला. विरजण लावलेले पातेले त्या हीटरच्या शेजारी, त्यावर नव्हे, ठेवत. पेटीवर ‘झाकू नका’ असे लिहिलेले जावयाने वाचून दाखवले होते. संपूर्ण हिवाळ्यात त्या पेट्यांनी वेळेवर केलेले काम कोणते असेल तर ते दही.

“जावईबापू, संध्याकाळच्याला ही भट्टी थंड काहून पडते?” हा प्रश्नही पहिल्यांदा त्यांनीच विचारला, आणि आउटपुटचे बटण सकाळी खाली फिरवण्याची पद्धत घरात सुरू झाली.

विजेचा विषय एकेकाळी सगळ्या ब्रिटनच्याच जिभेवर होता. ३१ मार्च २०२२ रोजी, दरवाढीच्या आदल्या दिवशी, साऱ्यांनी मीटरचे रीडिंग एकदमच पाठवायला घेतले आणि बऱ्याच कंपन्यांच्या वेबसाइट आडव्या झाल्या. आपले जुन्या दरातले युनिट नव्या दराने लावतील, ही धास्ती. त्या देशात ऑफजेम ही नियामक संस्था जानेवारी २०१९ पासून ‘प्राइस कॅप’ ठरवते. सामान्य घराच्या गॅस आणि विजेच्या वार्षिक बिलाचा आकडा जाहीर होतो आणि प्रत्येक नवागताला वाटते, याच्यावर बिल येणारच नाही. कॅप असते ती युनिटच्या दरावर आणि रोजच्या आकारावर. वीज जास्त जाळली तर बिल कॅपच्या डोक्यावरून जाते. ऑगस्ट २०२२ च्या अखेरीस हा आकडा ३,५४९ पौंडांवर गेल्याचे जाहीर झाले. मराठी माणसाने सवयीने शंभरने गुणले आणि दोन मिनिटे काहीच बोलला नाही. पुढे सरकारने हमी देऊन तो २,५०० वर रोखला आणि त्या हिवाळ्यात प्रत्येक घराला बिलात ४०० पौंडांची सूट दिली. जानेवारी २०२३ मध्ये तर ठरलेल्या संध्याकाळी तासभर वीज कमी वापरणाऱ्यांना पैसे मिळाले. भारनियमन फुकटात सोसलेल्या पिढीला अंधाराचे मानधन मिळत असलेले बघून गलबलून आले.

पुढे गृहस्थांची मासिक कपातही कंपनीने परस्पर वाढवली. या पद्धतीत वर्षाच्या वापराचा अंदाज करून दरमहा सारखी रक्कम कापतात. उन्हाळ्यात ती कंपनीकडे साठते, हिवाळ्यात खर्ची पडते. अकोल्याच्या भिशीत निदान कधीतरी आपला नंबर लागतो. इथे दर महिन्याला कंपनीचाच लागत होता. बटणे शहाण्यासारखी फिरवूनही बाकी वाढतच गेली, तेव्हा पत्नीने बिलांची चळत काढली आणि एक विचित्र गोष्ट दाखवली. बिलाप्रमाणे हे कुटुंब दिवसा प्रचंड वीज जाळत होते आणि रात्री जवळजवळ उपाशी झोपत होते.

इकॉनॉमी सेव्हनच्या मीटरला दोन आकडे असतात, एक दिवसाचा, एक रात्रीचा. कंपनीच्या नोंदीत ते अदलाबदल झाले होते. महिन्याला रात्रीचे सातशे आणि दिवसाचे दोनशे युनिट, रात्रीचा दर १४ आणि दिवसाचा ३० पेन्स धरला, तर बिल १५८ पौंड व्हायला हवे. उलटे लावले की २३८ होते. सासूबाईंची बादली, दह्याचे पातेले, पहाटेचा घाम, सगळे दिवसाच्या दराने चालले होते.

कंपनीला पुरावा हवा होता. मीटर तळघरातल्या कपाटात, त्याची किल्ली इमारतीच्या व्यवस्थापकाकडे. शनिवारी भर दुपारी गृहस्थ मोबाइल घेऊन मीटरपुढे उकिडवे बसले. वर घरात पत्नी.

“किटली लावू?”

“लाव.”

किटलीने पाणी उकळले, आकडा हलला नाही. लिटरभर पाण्याला युनिटाचा दहावा हिस्सा लागतो. आकडा पुढे सरकायला अख्खे युनिट जळावे लागते. मग ओव्हन लावला, शॉवर सोडला, इस्त्री तापवली, पंख्याचा हीटर आणला. पैसे वाचवल्याचा पुरावा मिळवण्यासाठी घर धडाडून पेटले. अखेर आकडा सरकला, आणि तोच सरकला ज्याला कंपनी रात्रीचा म्हणत होती. ओव्हन तापलाच आहे म्हणून पत्नीने नानकटाई भाजून घेतली.

चित्रफीत, फोटो, तारखा, सगळे जोडून तक्रार गेली. फोनवर दर वेळी नवा आवाज यायचा आणि दर वेळी पहिल्यापासून कथा सांगावी लागायची; तिसऱ्या-चौथ्या वेळी त्यात किटलीचा प्रसंग फार रंगू लागला. आठ आठवड्यांत तक्रार सुटली नाही तर ग्राहकाला विनाशुल्क एनर्जी ओम्बुड्समनकडे जाता येते, हे पत्नीने शोधून काढले. कंपनीच्याच चुकीने राहिलेली बिले बारा महिन्यांपेक्षा मागच्या वापरासाठी वसूल करता येत नाहीत, हाही नियम तिने पाठ केला. त्यांच्या प्रकरणाला तो लागू नव्हता, पण तिने तो पत्रात घातला. सातव्या आठवड्यात आकडे सरळ झाले आणि जादा घेतलेले पैसे खात्यात जमा दिसले. सोबत एक प्रश्नावली आली: आमच्या सेवेबद्दल आपण किती समाधानी आहात?

बीबीसीचा संकेत बंद व्हायच्या आधीच त्यांचाही जुना मीटर गेला आणि स्मार्ट मीटर आला. त्याच्याबरोबर ओट्यावर ठेवायचा एक छोटा पडदा. वीज कमी वापरली की हिरवा दिवा, मध्यम वापरली की पिवळा, फार झाली की लाल. मध्यरात्री विटा तापू लागल्या की तो लालभडक होतो, नेमका सगळ्यात स्वस्त वीज चालू असताना. अकोल्यात पहाटे उठणाऱ्या सासूबाईंना नातवंडाच्या व्हिडिओ कॉलमध्ये मागे तो लाल दिवा दिसला.

“ते काय जळते रात्रभर?”

मुलीने समजावले, घरात किती वीज जळते ते दाखवते ते.

“आन् ते दाखवाले वीज लागत नाही काय?”

जावईबापूंनी उठून प्लग काढला.