समुद्र पाय!

वऱ्हाडी बोलीत ‘पाहा’चं ‘पाय’ होतं. ‘इकडं पाय’, ‘कसा चालून राह्यला पाय’. अकोल्याच्या एका काकाजींनी हा शब्द जन्मभर दुसऱ्यांना ऐकवला आणि साठी उलटल्यावर तो त्यांच्यावरच उलटला. गोव्यात कोलव्याच्या किनाऱ्यावर नातू जीव तोडून ओरडत होता, ‘आबाजी, समुद्र पाय!’ आणि आबाजी पाहत होते स्वतःचा पाय. तो पोटरीपर्यंत प्लास्टरमध्ये होता. वाळू आत शिरू नये म्हणून काकूंनी त्यावर युरियाच्या पोत्याचं प्लास्टिक सुतळीनं आवळून बांधलं होतं.

पाय मोडला अमरावतीत, पुतण्याच्या वरातीत. संदलचा ढोल घुमायला लागला की त्या भागातला माणूस वय विसरतो. काकाजी दोन गिरक्यांपुरतं वय विसरले आणि तिसरीला करंगळीमागचं लांब हाड गेलं. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरून सांगितलं, जोन्स फ्रॅक्चर. हे जोन्स म्हणजे लिव्हरपूलचे शल्यविशारद रॉबर्ट जोन्स. त्यांचंही हेच हाड नाचतानाच मोडलं होतं आणि १९०२ साली त्यांनी ते रीतसर वैद्यकीय नियतकालिकात लिहून छापलं. हे कळल्यावर काकाजींचं दुखणं निम्मं कमी झालं. घरी येईल त्याला ते सांगत, ‘डॉक्टरचाबी असाच मोडला होता.’ काकूंचं म्हणणं वेगळं होतं. ‘त्यानं लिहून तरी ठेवलं. तुम्ही काय ठेवलं? अर्धी वरात रस्त्यात!’

लग्नानंतर सगळ्यांनी मडगावला जायचं आधीच ठरलं होतं. नागपूर-मडगाव गाडी बडनेरा, अकोला करत कोकणात उतरते, आणि हातातलं पक्कं तिकीट सोडायचं हे काकाजींच्या स्वभावात नाही. शिवाय मे महिना. अकोल्यात पारा पंचेचाळिशीपलीकडे जातो. २०२४ साली तर या उन्हापायी तिथं कलम १४४ लावावं लागलं होतं. अशा गावात सहा आठवडे प्लास्टर घालून घरात बसणं म्हणजे मडक्यात पाय घालून चुलीवर बसणं.

काकूंचा विरोध होता. मोडका पाय घेऊन समुद्रावर कोण जातं? काकाजींनी थेट पुराणात हात घातला. वऱ्हाडातून समुद्रावर गेलेली पहिली बाई म्हणजे रुक्मिणी. कौंडिण्यपूरची राजकन्या. अमरावतीकरांच्या श्रद्धेप्रमाणे कृष्णानं तिला अंबादेवीच्या देवळातून उचललं आणि नेलं कुठं, तर द्वारकेला, ऐन समुद्रकाठी. ‘तिनं तरी जमिनीवर पाय कुठं ठेवला? रथातच गेली!’

‘तिले न्याले किसन होता,’ काकू म्हणाल्या. ‘तुमाले कोन उचलते? म्या?’

अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईचं विमान १६ एप्रिल २०२५ पासून सुरू झालं आहे, त्यानं जाऊ, असं मुलानं सुचवून पाहिलं. पण विमानात पाय पसरता येत नाही आणि भाकर-ठेचा सोडून बसता येत नाही, म्हणून ते बारगळलं. रेल्वेत काकाजींना खालचा बर्थ मिळाला. प्लास्टरचा पाय वाटेत दोन वीत बाहेर आला आणि कल्याणपर्यंत प्रत्येक चहावाला त्याला अडखळून, सॉरी म्हणून पुढं गेला. पाय उंचावर ठेवा, बोटं हलवत राहा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. नातवाला त्यात खेळ सापडला. दर स्टेशनला तो बोटं मोजी आणि पाचही आहेत असं जाहीर करी.

खरी परीक्षा वाळूची. काळ्या मातीच्या चिखलात बुटाला दोन किलो माती घेऊन चालणाऱ्या माणसाला वाळूचं काय, अशी काकाजींची समजूत होती. बेल्जियमच्या संशोधकांनी १९९८ साली मोजून ठेवलं आहे की कडक जमिनीपेक्षा वाळूत चालायला दुपटीहून जास्त ताकद लागते. ती दोन्ही पाय धड असलेल्यांची गोष्ट. कुबडीचं टोक असतं रुपयाहून जरा मोठं. अंगाचं वजन त्यावर पडलं की ते वाळूत जातं, आणि वर येताना एकटंच येतं, रबर खालीच राहतं. कोरड्या वाळूत सात पावलं टाकून काकाजी थांबले आणि त्यांनी रबर शोधायला नातवंडांची फौज लावली. पाण्याजवळची ओली वाळू घट्ट असते, तिथं कुबडी टिकते. पण तिथवर पोचायचं तर आधी कोरडी ओलांडावी लागते. यावर उपाय म्हणून चेन्नईत मरीना किनाऱ्यावर चाकांच्या खुर्च्यांसाठी २०२२च्या नोव्हेंबरात लाकडी वाट बांधली, तर डिसेंबरात मंदौस चक्रीवादळानं ती मोडून टाकली. समुद्रालाही प्लास्टरवाल्यांशी काहीतरी वैर असावं.

शेवटी शॅकवाल्याकडून प्लास्टिकची खुर्ची आणली आणि पाण्यापासून तीसेक पावलांवर काकाजींची स्थापना झाली. पाय दुसऱ्या खुर्चीवर, डोक्याला दुपट्टा. बाकीचे लाटांत. काकूंनी एवढं पाणी प्रथमच पाहिलं. ‘इतकं पानी! आन् आपल्या नळाले दोन-चार दिवसांआड!’

‘खारं हाय ते.’

‘मंग? आपल्या पूर्णाकाठी कोनतं गोड हाय?’

हे मात्र बिनतोड. अकोला, अमरावती आणि बुलढाण्यात पूर्णेच्या खोऱ्यातल्या आठशेहून जास्त गावांत विहिरीचं पाणी खारं लागतं. त्याला खारपाणपट्टा म्हणतात. मुंबईचा समुद्र अकोल्याहून रेल्वेनं सुमारे ५८० किलोमीटर. मीठ मात्र घरच्या विहिरीत.

बसून बसून काकाजींना समुद्र कळायला लागला. भिजायला गेलेल्यांना तो फक्त ओला लागला. भरती दिवसातून दोनदा येते आणि दुसऱ्या दिवशी पन्नासेक मिनिटं उशिरा, हे त्यांनी घड्याळ लावून ताडून पाहिलं आणि ‘नळापेक्षा हा गडी वक्तशीर’ असा शेरा दिला. रापण ओढणारे मच्छीमार वाळूत टाचा रोवून जाळं खेचत होते, तेव्हा काकाजींनी खुर्चीवरून ‘हं, आता डावीकडं’ अशी मदत केली. ती कोणी मागितली नव्हती. तरी त्यांना दोन बांगडे मिळाले. माळकरी असल्यामुळे ते त्यांनी शॅकवाल्याला दिले आणि बदल्यात सोलकढी घेतली.

दुसऱ्या दिवशी सगळे जेवायला गेले आणि काकाजींना तिथंच डुलकी लागली. वक्तशीर गडी वेळेवर आला. डोळे उघडले तेव्हा खुर्चीचे पुढचे दोन पाय पाण्यात होते आणि काकाजींचा खरा पाय त्याच वाटेवर. त्यांनी अशी आरोळी ठोकली की पिवळा-लाल सदरा घातलेले दोन जीवरक्षक धावत आले आणि त्यांना खुर्चीसकट उचलून वर घेऊन गेले. किनाऱ्यावर टाळ्या पडल्या. काकाजींनी हात जोडले. लांबून पाहणाऱ्या काकूंना किसन आला हे कबूल करावं लागलं, तेही एक नाही, दोन.

संध्याकाळी शॅकवाल्यानं २०१३ची आठवण काढली. त्या वर्षी दीड दिवसाच्या गणपतींच्या विसर्जनाला गिरगाव चौपाटीवर पाकट माशांनी कित्येक भक्तांच्या पायांना डंख केले होते. काकाजींनी प्लास्टरवर टिचकी मारली. ‘पाकटाच्या बापाची ताकद नाही.’

युरियाच्या प्लास्टिकनं पाणी अडवलं, वाळू नाही अडवली. ती आत गेली आणि खाज सुटली. प्लास्टरमध्ये काडी घालायची नाही, कातडी सोलते, ही डॉक्टरांची सक्त ताकीद. काकाजींचा डोळा सोलकढीच्या नळीवर होता, काकूंचा काकाजींवर. तेव्हा हॉटेलातून केस वाळवायचं यंत्र मागवलं आणि थंड वारा प्लास्टरच्या तोंडातून आत सोडला. डोक्यावर मोजून अकरा केस असलेला माणूस तासतासभर ते यंत्र मागतो, याचं हॉटेलवाल्यांना नवल वाटलं.

सहा आठवड्यांनी अकोल्यात प्लास्टर कापलं तेव्हा टेबलावर दोन चमचे वाळू पडली. डॉक्टरांनी चष्मा वर केला. पुढच्या वर्षी दोन्ही पाय धड घेऊन जायचं, असं काकूंनी ठरवलं आहे. काकाजी अजून ‘हो’ म्हणालेले नाहीत.