अजिंक्य वस्ताद होण्याची रीत

आधी जागा निवडावी. इंदूरची छत्रीबाग उत्तम. मागे होळकरांच्या छत्र्या असल्या की बनियनमधला माणूसही पानिपताहून परतल्यासारखा दिसतो. (मल्हारराव खरोखरच परतले होते, पण फोटोखाली तेवढा तपशील नको.)

मग परंपरा. गुरू दिवंगत असावेत आणि त्यांचे गुरू त्याहून दिवंगत. होळकरांच्या फौजेत दांडपट्टा शिकवणारे खापरपणजोबा सर्वांत सोयीचे. कुणी कागद मागितलेच, तर ते पुरात गेले असे सांगू नये. कान्ह नदी रोज पाहणारे इंदूरकर हसतील. वाळवीचे नाव घ्यावे.

पराक्रमाचा दिवस म्हणजे अनंत चतुर्दशी. गिरण्या बंद पडल्या तरी त्यांच्या झांक्या (चित्ररथ) रात्रभर निघतात आणि सोबत अखाडे चालतात. लाठी, बनेटी, तलवार यांवर पोरापोरींनी वर्षानुवर्षे घाम गाळलेला असतो. ती कला अस्सल आहे, तिच्याशी आपला संबंध फक्त शेजारी उभे राहण्यापुरता. आपण पठ्ठ्याच्या पोटावर केळे ठेवून ते कापावे. केळे उलटा वार करत नाही. ‘रस्त्यात दहा जणांनी घेरले तर?’ असा प्रश्न कुणी विचारला, की मंद हसावे आणि उत्तर लोकांनाच देऊ द्यावे. ते दहाचे वीस करतात.

पठ्ठा घेताना त्याला मारता येते का हे न बघता पडता येते का, हे बघावे. आपला हात हवेत असतानाच तो धाडकन पडला पाहिजे. यात एक धोका आहे. वर्षानुवर्षे लोक असे पडू लागले, की आपलाही विश्वास बसतो. जपानच्या यानागी र्‍युकेन यांचे तेच झाले. हवेतल्या हवेत शिष्य लोळवता लोळवता त्यांनी बाहेरच्या लढवय्याला पैज लावून बोलावले. २००६ साली तो आला, आणि शिष्य नसल्यामुळे त्याने सरळ तोंडावर मारले. २०१७ मध्ये चेंगदूत ताई-चीचे वेई लेई मिश्र मार्शल आर्ट्सच्या शू श्याओदोंगपुढे अर्धे मिनिटही टिकले नाहीत.

म्हणून सबबींची पेटी भरलेली हवी. अमेरिकेचे जॉर्ज डिलमन यात आदर्श. त्यांच्या पंथाची स्पर्शाविना बेशुद्ध करणारी विद्या नॅशनल जिओग्राफिकच्या कॅमेऱ्यापुढे फसली, तेव्हा समोरच्याची जीभ चुकीच्या जागी असेल, नाहीतर पायाचे अंगठे वरखाली असतील, असे त्यांनी सांगितले. आपल्याकडची सबब मात्र जरा तपासून वापरावी. मध्य प्रदेशच्या माजी मुख्यमंत्री उमा भारतींनी विरोधकांवर तांत्रिक प्रयोगाचा आरोप केला, त्यावरून मार्च २००८ मध्ये इंडिया टीव्हीवर चर्चा रंगली. पंडित सुरिंदर शर्मांनी मंत्राने माणूस मारतो म्हटले, बुद्धिवादी सनल एडमरुकूंनी मलाच मारा म्हटले. तास उलटले, एडमरुकू हसतच होते. तुमचा देव तुम्हाला वाचवतोय, असे पंडितजी म्हणाले. एडमरुकू नास्तिक निघाले.

लाल मातीपासून मात्र कायम लांब राहावे. तिथे रोज संध्याकाळी जोड लागते, पाठ टेकली की टेकली, आणि तालमीच्या खलिफाचे नाव कितीही मोठे असो, ते मातीला ऐकू येत नाही. एखाद्या व्यायामशाळेतला कोवळा पोर येऊन ‘वस्ताद, एक हात होऊन जाऊ दे’ म्हणाला, तर आपली विद्या प्राणघातक आहे, त्यामुळे सरावालाही वापरता येत नाही, असे खालच्या आवाजात सांगावे. ‘मग चुकून लागेल तेवढीच वापरा,’ असे म्हणून तो लांग कसू लागला, तर त्याच्या वडिलांची ख्यालीखुशाली विचारावी, पोहे-जिलबी मागवावी आणि बिल आपण द्यावे.