टेराकाका

लग्नाच्या हॉलमध्ये मुहूर्ताची घाई असते, गुरुजी घड्याळाकडे बघत असतात, आणि नेमक्या अशा वेळी व्हिडिओवाल्या पोराला खांबाआड गाठून एक गृहस्थ विचारत असतात, "मूळ फाइली किती दिवस ठेवता तुम्ही?" पोरगा म्हणतो, "तीन महिने, काका." गृहस्थांचा चेहरा असा पडतो, की बघणाऱ्याला वाटावं, वधूपिता हेच. प्रत्यक्षात ते ना मुलीकडचे ना मुलाकडचे. ते आमच्या कोथरूडच्या सोसायटीतले टेराकाका. आमंत्रण सहकुटुंब सहपरिवार होतं. ते सहट्रायपॉड आलेत.

काकांचं खरं नाव आता वीजबिलापुरतं उरलंय. हयात एका विमा कंपनीच्या हिशेब खात्यात गेली. तिथे प्रत्येक कागद तीन प्रतींत: पांढरी, गुलाबी, पिवळी. निवृत्तीनंतर कागद सुटले, प्रती सुटल्या नाहीत. मुलाने हौसेने फोर-के कॅमेरा घेऊन दिला आणि काकांना नवं खातं मिळालं. शंभर मेगाबिटवर चित्रीकरण केलं तर तासाला 45 जीबी लागतात, हे त्यांना पाढ्यासारखं पाठ आहे. भाच्याच्या मुलाची मुंज पाच तास चालली, कॅमेरे दोन. म्हणजे साडेचारशे जीबी. "एवढ्यात पूर्वी अख्खं खातं बसायचं," असं ते सांगतात तेव्हा ते हळहळत नसतात, मिरवत असतात.

हा सगळा ऐवज दिवाणखान्यातल्या शोकेसमध्ये एका काळ्या डब्यात राहतो. त्याला ते 'नॅस' म्हणतात, काकू 'तो' म्हणतात. डब्याला चार खण, प्रत्येक खणात आठ टेराबाइटची (टीबी) डिस्क, पुढे चार हिरवे दिवे. आल्या दिवशी काकूंनी त्यावर विणलेला रुमाल घातला होता. "अगं, तापेल तो!" म्हणून काकांनी तो दोन बोटांनी उचलला आणि पितळी हत्तीवर टाकला.

"अहो, चार आणल्यात आणि तीनच धरताय," काकूंनी हिशेब विचारला.

"एक पॅरिटीला जाते. एखादी डिस्क मेली तर बाकीच्या तिघींवरून तिचं सगळं परत काढता येतं."

"म्हणजे एक नैवेद्याची."

काकांना हे आवडलं नव्हतं. पण हल्ली पाहुण्यांना समजावताना तेही नैवेद्यच म्हणतात. नैवेद्यानंतरचं दुःख वेगळं. आठ टीबीची डिस्क संगणकात घातल्यावर 7.27 दिसते. कारखानदार हजाराने मोजतो, संगणक 1024 ने, आणि दोघेही खरं बोलतात. हिशेब खात्यात आयुष्य काढलेल्या माणसाला यातलं तिसरं कलम पचत नाही. चोरी झाली असती तर तक्रार तरी करता आली असती.

मग एका उन्हाळ्यात दुसऱ्या खणाचा दिवा लाल झाला. काकांनी कपाटातली राखीव डिस्क काढून बसवली (राखीव डिस्क अर्थातच होती) आणि पुनर्बांधणी सुरू झाली. उरलेल्या तीन डिस्क पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचून चौथी लिहायची, म्हणजे एवढ्या आकाराला एक दिवस सहज जातो. तेवढ्यात आणखी एक गेली की सगळंच गेलं. त्या रात्री काका शोकेससमोर सतरंजी टाकून झोपले. मिक्सर बंद. दार आपटायचं नाही. इस्त्रीवाल्याला खालूनच परत पाठवलं. मी विचारपूस करायला गेलो तर काकू कुजबुजत्या आवाजात म्हणाल्या, "चौसष्ट टक्के झालंय," आणि पाणीसुद्धा न विचारता दार लोटून घेतलं.

एवढं करून वर काकांचं ठाम मत असं, की हा डबा म्हणजे बॅकअप नव्हेच. नातवाने फाइल पुसली तर चारही डिस्कवरून ती एकाच क्षणी, मोठ्या शिस्तीत पुसली जाते. म्हणून तीन-दोन-एक: प्रती तीन, दोन तऱ्हांच्या साधनांवर, आणि एक घराबाहेर. पीटर क्रोग नावाच्या अमेरिकन छायाचित्रकाराने हा नियम रूढ केला. काकांनी तो शुभंकरोतीनंतर म्हणायचा ठेवलाय. घराबाहेरची प्रत कुठे ठेवायची यावर बराच खल झाला. मुलगा बंगळूरहून म्हणाला, "बाबा, क्लाउडवर टाका ना." काकांनी कागदावर गणित मांडलं: वर चढवायचा वेग चाळीस मेगाबिट, एका आठ टीबीला अखंड साडेअठरा दिवस. "आणि त्यात गुरुवार येतात," ते म्हणाले. पुण्यात गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते, यावर मुलगा काय बोलणार?

शेवटी बँकेचा लॉकर ठरला. लॉकर लहान, डिस्क जाड, त्यात तिला फोमचं वेष्टण. त्यामुळे सध्या काकूंच्या पाटल्या घरी रव्याच्या डब्यात आहेत आणि मुंज लॉकरमध्ये आहे. दर तीन महिन्यांनी काका तिथे जाऊन जुनी डिस्क काढतात, नवी ठेवतात. लॉकरच्या खोलीतून माणूस हार्ड डिस्क घेऊन बाहेर पडताना इतका संशयास्पद दिसू शकतो, हे बँकेतल्या शिपायालाही नवीन होतं.

कुणी हसलं की काकांचं आख्यान ठरलेलं असतं. 1998 साली 'टॉय स्टोरी 2' बनत असताना कुणीतरी चुकीचा हुकूम दिला आणि पिक्सारच्या संगणकांवरून सिनेमा भराभर नाहीसा व्हायला लागला. बॅकअप बघायला गेले तर तो नीट होतच नव्हता. वाचवला कुणी? बाळंतपणामुळे घरून काम करणाऱ्या एका बाईने; तिच्या घरच्या संगणकावर प्रत होती. इथे काका थांबतात, समोरच्याला 'घराबाहेरची प्रत' हे शब्द स्वतःहून सुचावेत म्हणून. मग ते भारतात येतात. 'आलम आरा'ची एकही प्रत शिल्लक नाही. फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' पूर्ण असा कुठेच नाही, आपल्या लॉ कॉलेज रोडवरच्या चित्रपट संग्रहालयातसुद्धा नाही. "लॉकर असता तर?" असं ते विचारतात, आणि 1913 सालच्या फाळक्यांचा निष्काळजीपणा क्षणभर खरंच खटकतो.

आता एवढ्या बंदोबस्तात आहे काय? मी पाहिलंय. 'मुंज_कॅमेरा2_मूळ_अंतिम_खरेअंतिम' या फाइलमध्ये पाऊण तास एका मावशींची पाठ आहे. जरीचा काठ इतका स्पष्ट, की धागा मोजावा. नंतर पंक्ती उठल्यावर कॅमेरा बंद करायचा राहिला, म्हणून रिकामं टेबल, उलटा द्रोण आणि एक माशी, तीही फोर-केमध्ये. "हे तरी पुसा," मी म्हणालो. "पुसायचं म्हणजे आधी बघायला हवं," काका म्हणाले, "आणि बघायला वेळ कुणाला आहे?" वेळ खरंच नसतो. दर संकष्टीला ते डब्याकडून प्रत्येक फाइल तपासून घेतात, एखादा बिट तरी सडला नाही ना म्हणून. त्या दिवशी काकांचा उपास असतो. डबा रात्रभर चरत असतो.

या संग्रहाचा उपयोग मात्र झाला. सोसायटीची वार्षिक सभा काका नेमाने टिपतात. इमारतीला फिका पिस्ता रंग दिल्यावर अध्यक्ष म्हणाले, आपला याला पहिल्यापासून विरोध होता. काका काही बोलले नाहीत. घरी गेले, आणि दहा मिनिटांत लॅपटॉप घेऊन आले. पडद्यावर अध्यक्ष वडा तोंडात ठेवून "पिस्ता, पिस्ता, अनुमोदन!" असं म्हणताना दिसत होते. वड्यावरची कोथिंबीरसुद्धा ओळखू येत होती.

तेव्हापासून आमच्या सभेत कुणी फारसं बोलत नाही. पुढच्याच सभेत कमिटीने ठराव आणला, की यापुढे कामकाजाचं चित्रीकरण करू नये. सूचक, अनुमोदक, टाळ्या, सगळं रीतसर झालं. ठराव एकमताने मंजूर होताना काकांनीही हात वर केला. दुसरा हात ट्रायपॉडवर होता. त्या मंजुरीच्या तीन प्रती आहेत.