सांकेतिक घरमालक

वाशिममध्ये स्वस्तात घर मिळवायचे दोन रस्ते आहेत. थकबाकीदाराशी बोलून, बँकेची संमती काढून घ्यायचं, नाहीतर बँकेच्या लिलावात घ्यायचं. आमच्या गल्लीतल्या निवृत्त गुरुजींनी एकाच घरासाठी दोन्ही तुडवले.

घर लाखाळ्यातलं, मालक गुरुजींचाच जुना विद्यार्थी. कर्ज व्याजासकट २२ लाखांवर गेलेलं, घराला गिऱ्हाईक जेमतेम १६ चं. विद्यार्थी म्हणाला, "गुरुजी, तुम्ही १६ बँकेत भरा. मी मोकळा, घर तुमचं." बँकेत याला ओटीएस म्हणतात, एकरकमी तडजोड. शाखेतले साहेब खूश झाले. "प्रस्ताव उत्तम आहे, वर पाठवतो." वर म्हणजे क्षेत्रीय कार्यालय, त्याच्या वर अंचल कार्यालय, त्याच्याही वर काय असतं ते तिकडे गेलेल्या कागदालाच ठाऊक. सोयाबीन पेरून, काढून, हमीभावाच्या खाली विकूनही झालं, प्रस्ताव वरच. मधे साहेबांची बदली झाली. नवे साहेब म्हणाले, "तोटा सोसायला बँक काय धर्मशाळा आहे?" आणि तेच घर १४ लाख राखीव किमतीला लिलावात काढलं. तडजोडीत १६ घेतले तर उद्या चौकशी लागते; लिलावात १४ आले तर त्याला वसुली म्हणतात.

पेपरात नोटीस आली : जसे आहे, जेथे आहे. एवढ्या चार शब्दांत गळकं छत, महावितरणची जुनी बाकी, नगरपरिषदेचा थकलेला कर आणि आत नांदणारं बिऱ्हाड असं सगळं मावतं. ताबा 'सांकेतिक'. म्हणजे अधिकाऱ्यांनी दारावर नोटीस चिकटवून फोटो काढला आणि घरच्यांनी त्यांना चहा पाजला.

बोली गुरुजींची लागली आणि बँकांच्या वसुलीसाठीच्या २००२ च्या सरफेसी कायद्याला एकदम घाई सुटली. अनामत धरून २५ टक्के त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या कामकाजाच्या दिवशी. बाकीचे विक्री कायम झाल्यापासून १५ दिवसांत. बँकेनं लेखी मुदत वाढवली तरच सुटका. चुकलात तर भरलेले जप्त. २०२४ साली सर्वोच्च न्यायालयानंही अशी जप्ती योग्य ठरवली आहे. गुरुजींनी ठेवी मोडल्या, बाईंच्या पाटल्या मोडल्या, पैसे वेळेत भरले. विक्री प्रमाणपत्र आलं, मुद्रांक शुल्क गेलं. मग ते किल्ली मागायला गेले, तोवर घाई संपली होती.

ताब्यासाठी कलम १४ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज. कायदा ३० दिवसांत आदेश द्या म्हणतो, कारणं नोंदवून फार तर ६०. आदेश झाला की तहसीलदार, तहसीलदार मिळाले की पोलीस बंदोबस्त. आणि बंदोबस्त कधी पोळ्याला गेलेला, कधी गणपतीला, कधी निवडणुकीला. तेवढ्यात विद्यार्थ्याच्या वकिलानं नागपूरला कर्जवसुली न्यायाधिकरणात अर्ज टाकला : प्लॉट एन.ए. झालेलाच नाही, सबब ही शेतजमीन, आणि शेतजमिनीला हा कायदाच लागू नाही. कर्ज देताना बँकेला तिथं बंगला दिसला होता, मूल्यांकन करणाऱ्यालाही दिसला होता. आता वकिलाला तूर दिसते. समृद्धी महामार्ग आपल्याच जिल्ह्यातून गेल्याचा गुरुजींना एवढा फायदा झाला, की नुसती पुढची तारीख घेऊन दिवसाउजेडी घरी परतता येतं.

दरम्यान घरपट्टी गुरुजींच्या नावावर आली. घरात राहतो विद्यार्थी, कर भरतात गुरुजी, आणि भाड्यानं राहतात तेही गुरुजीच. परवा विद्यार्थी बाजारात भेटला. वाकून पाया पडला.

"गुरुजी, पावसाळा तोंडावर आला. मागच्या खोलीत लई गळते. मी केलं असतं, पण आता घर तुमचं. गवंडी केव्हा धाडता?"