साडेतीन फुटांवरचा नाश्ता

नव्या फ्लॅटचा ताबा मिळाला की कुणी देव्हाऱ्याची जागा शोधतो, कुणी इन्व्हर्टरची. हा गृहस्थ मात्र हॉल आणि किचनमधल्या भिंतीकडे बघतो आणि म्हणतो, "ही पाडू." घोडबंदर रोडपासून बाणेरपर्यंत कुठल्याही टॉवरात जा, असा एक तरी भेटतोच. भिंतीच्या जागी ग्रॅनाइटची फळी येते, फळीवर तीन लोंबते दिवे येतात आणि पुढचे कित्येक महिने घरात एकच विषय उरतो: बारस्टुलं कुठली घ्यायची?

गंमत म्हणजे हा माणूस पीत नाही. घेतलीच तर ऑफिसच्या पार्टीत एखादी बिअर, तीही आईचा फोन येईल या धास्तीनं घाईघाईत. पण परदेशी मालिकांमधला नायक उंच स्टुलावर अर्धवट टेकून दोन घोट कॉफी घेतो आणि कोट चढवून निघतो, त्या टेकण्यावर हा भाळलाय. आपल्याकडे माणूस बसला की ऐसपैस बसतो. टेकणं आपल्या हाडात नाही. आजोबा पाटावर जेवले, वडील खुर्चीवर, आता हा त्याच्याही वर. घराण्याची प्रगती तो इंचांत मोजतो.

त्यासाठी खिशात कायम टेप. रविवारी सकाळी फर्निचरचा बाजार, दुपारी तुर्भ्याचं आयकिया. दिसेल त्या स्टुलावर बसायचं, एक गिरकी घ्यायची, खालची दांडी ओढून फुस्स आवाज करत खाली यायचं आणि शेजारच्या अनोळखी गिऱ्हाइकाला ज्ञान पाजायचं: "काउंटर 36 इंची असेल तर बैठक 24 ते 26 इंचांवर हवी. बारचा काउंटर 42 इंची, त्याला 28 ते 30. मध्ये 10-12 इंच मोकळे नसतील तर मांड्या अडकतात. आणि माणशी दोन फूट रुंदी धरा."

यातला एकही आकडा चुकीचा नाही. साडेतीन मुहूर्त, साडेतीन शक्तिपीठं आणि साडेतीन फुटी काउंटर, एवढं त्याला झोपेतही सांगता येतं. फक्त फळी निदान फूटभर पुढे यायला हवी, म्हणजे गुडघे आत जातात, हे कुणी सांगितलं नाही. खालची जागा वाया कशाला घालवायची म्हणून मिस्त्रीनं तिथे फळीच्या कडेपर्यंत कपाट ठोकलं. त्यामुळे समोर तोंड करून बसलं की गुडघे सनमायकावर आपटतात. घरातली मंडळी काउंटरला खांदा लावून, एसटीच्या खिडकीशी बसल्यासारखी आडवी बसतात.

दुकानदार अनुभवी असतो. तो एकच विचारतो, "साहेब, बसायला पाहिजेत की दाखवायला?" साहेबांना हा प्रश्न लागतो. बायको म्हणते, "पाठ असलेलं घेऊ या रे." पण पाठ असली की मागचे दिवे हॉलमधून नीट दिसत नाहीत. "मग निदान गडद रंग घे, हळदीचा हात लागला की संपलं." त्यावर हा म्हणतो, "अगं, इथे फक्त नाश्ता करायचाय!" पोहे हळदीशिवाय होत असल्यासारखा. शेवटी येतात ती बिनपाठीची, क्रीम रंगाची, फिरती.

वास्तुशांतीच्या दिवशी त्यांचं उद्‌घाटन बाबांच्या हस्ते. बाबांनी धोतर सावरून एक पाय खालच्या कडीवर ठेवला, एक हात ग्रॅनाइटवर आणि "हं" करून वर जोर दिला. स्टूल शांतपणे फिरलं. बाबा बसले खरे, पण तोंड सिंककडे आणि पाठ पाहुण्यांकडे. खाली उतरायचं कसं हे कळेना म्हणून ते तसेच बसून राहिले; चहाही त्यांना भांडी घासणाऱ्या मावशींच्या हातूनच मिळाला. आई लांबूनच म्हणाली, "मी आपली सोफ्यावरच बरी," आणि घराचं धोरण तिथेच ठरलं.

आता नाश्ता टीपॉयवर होतो. एका स्टुलावर वायफायचा राउटर आहे, दुसऱ्यावर मनी प्लँट, तिसऱ्यावर इस्त्रीचे कपडे. तरी पाहुणा आला की हा कपडे उचलतो, बैठकीवरून हात फिरवतो आणि आग्रह करतो, "बसा ना, इथे बसा." पाहुणा भिडस्त असेल तर बसतो. नसेल तर त्याला एकाएकी गॅलरी बघायची असते.

तुम्हाला घ्यायचीच असतील तर पाय टेकायला कडी, मागे पाठ आणि खाली रुंद, जड बूड बघून घ्या. आकडे वर दिलेच आहेत. आणि काहीही झालं तरी फिरत्या स्टुलावर चढून पंखा पुसू नका.