टाइप बारीक होता

नाना हरले की घोडा हरत नाही, जॉकी हरत नाही, ट्रेनर तर नाहीच नाही. टाइप हरतो. "घोडा बरोबर धरला होता हो मी. वजन तेवढं चुकलं. साडेअठ्ठावन्न होतं, मी साडेत्रेपन्न वाचलं. टाइप बारीक होता." असा एक नाना तुमच्याही ओळखीत असणारच. कोणाचा शेअर बाजारात बसतो, कोणाचा लॉटरीच्या टपरीवर, पण हातात कागद, कपाळावर चष्मा आणि दोष छापणाऱ्याचा, हे ठरलेलं. आमचे नाना रेसवाले. हिवाळ्यात महालक्ष्मी, पावसाळ्यात पुणे आणि मधल्या दिवसांत माझं डोकं. माझं डोकं अशासाठी, की अख्ख्या मजल्यावर प्रिंटर फक्त माझ्याकडे आहे.

रेसचं पुस्तक तुम्ही पाहिलं नसेल तर नानांवर हसण्याआधी एकदा पाहून घ्या. घोड्याचा नंबर, नाव, आई-बाप, वय, रंग, मालक, ट्रेनर, जॉकी, पाठीवरचं वजन, रेटिंग, कितव्या खणातून सुटणार, पायात नाल ॲल्युमिनियमचे की लोखंडाचे, मागच्या रेसेसमध्ये कितवा आला, किती लांबीने हरला आणि परवा पहाटेच्या सरावात शेवटचे 600 मीटर किती सेकंदांत काढले. एवढं सगळं एका घोड्याचं. असे बारा घोडे एका रेसला आणि रेसेस सात-आठ. हे सगळं खिशात मावलं पाहिजे, म्हणून अक्षर मुंगीएवढं. छापणाऱ्याची अडचण मला कळते. पण नानांसमोर छापणाऱ्याची बाजू घ्यायची नसते.

कारण नाना स्वतः त्या धंद्यातले. उभी हयात गिरगावातल्या एका छापखान्यात खिळे जुळवण्यात गेली. माणसं कापडाचा पोत बघतात तसा ते कागदावरून अंगठा फिरवतात आणि सांगतात, "सहा पॉइंट. म्हणजे इंचाचा बारावा भाग. यात काय वाचणार माणूस, कपाळ?" लग्नपत्रिका आली की वधूवरांची नावं नंतर, आधी टाइप. पुतणीच्या लग्नात नाना पाच मिनिटं उशिरा पोचले आणि अक्षता हुकल्या. 12.23 चा मुहूर्त त्यांनी 12.28 वाचला होता. जेवणाच्या पंगतीत व्याह्यांना ऐकवून झालं, "पत्रिका सुंदर हो, पण टाइप बारीक होता." सोसायटीचं मेंटेनन्स थकलं? नोटिशीचा टाइप बारीक. कोथिंबीर आणायची राहिली? नानी यादी हाताने लिहितात, तरी टाइपच बारीक.

पहिला उपाय झेरॉक्सचा. ए-फोर पानाचं ए-थ्री करायचं तर मशीनवर 141 टक्के दाबावं लागतं, ही माहिती मला नानांमुळे झाली. 141 ने भागेना, तेव्हा नाना 200 वर गेले. आता एका पानाची चार पानं झाली. घोड्याचं नाव वरच्या डाव्या कागदावर, वजन वरच्या उजव्यावर, आणि घडीच्या जागी जॉकी मधोमध चिरलेला. हे चिकटपट्टीने जोडून नाना महालक्ष्मीला घेऊन गेले. तिथे दुपारी समुद्राकडून वारा सुटतो. चौथ्या रेसच्या तोंडाशी चिकटपट्टीने दगा दिला आणि डावीकडचा कागद कठड्यावरून जो उडाला तो थेट हिरवळीवर. नाना उरलेला कागद छातीशी धरून उभे. "आता माझ्याजवळ बारा वजनं आहेत आणि घोडा एकही नाही," ते म्हणाले. त्या रेसला नानांनी पैसे लावले नाहीत. हिशेब मांडला तर त्यांच्या सीझनमधली ती सर्वांत फायद्याची रेस.

मग डॉक्टर झाले. एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलेला, दुसऱ्याला साखरेने धरलेलं. डॉक्टरांनी जवळचं वाचायचा तक्ता हातात दिला. त्यावरच्या परिच्छेदांना एन-6, एन-8, एन-12 असे आकडे असतात, आणि तो आकडा म्हणजे टायपाचे पॉइंट. तुम्हाआम्हाला याचं काय? नानांना मात्र परदेशात गाववाला भेटावा तसं झालं. तक्ता वाचायचं सोडून त्यांनी ओळींमधलं अंतर मोजायला घेतलं. डॉक्टरांनी कागदावर लिहिलं, 'एन-18'. म्हणजे चष्मा लावून याला अठरा पॉइंटाचं अक्षर वाचता येतं, एवढीच नोंद. नाना ती चिठ्ठी घेऊन थेट माझ्या दारात. "हे बघा. डॉक्टरांनी अठरा पॉइंट लिहून दिलाय." दिवसातून किती वेळा आणि जेवणाआधी की नंतर, एवढंच विचारायचं मी बाकी ठेवलं.

त्या दिवसापासून माझ्या घरी शनिवार रात्रीचा छापखाना सुरू झाला. मी टाइप करायचं, नानांनी मागे उभं राहून मोजायचं. घोड्याच्या नावाला मोकळ्या जागा धरून अठरा अक्षरांची मर्यादा असते, हे त्यांना पाठ. घोड्यांच्या प्रेमापोटी नव्हे, रकान्याची रुंदी काढायला. मी म्हटलं, नाना, अठरा पॉइंटात छापायचं तर काहीतरी गाळावं लागेल. आजीचं नाव गाळू. "आजी गाळली तर घोडा चिखलात पळतो की नाही कसं कळणार?" मालक? "मालक कधी पैसे लावतो ते बघायचं असतं." रंग? "लांबून ओळखायचा कसा?" नाल गाळायला मात्र ते तयार झाले, आणि रात्री अकराला बेल वाजवून नाल परत घालून घेतले. एकेका रेसची सहा-सहा पानं झाली. पिशवी घेऊन निघालेले नाना बघून खालचा वॉचमन विचारायचा, "कोर्टात तारीख आहे का?"

आणि एवढं करून काय झालं? सगळं दिसायला लागलं. स्वच्छ, ठसठशीत, काळंभोर. फक्त मोठं अक्षर एका नजरेत थोडंच मावतं, त्यामुळे वाचायला वेळ लागतो. दोन रेसच्या मध्ये जेमतेम अर्धा तास. नाना नवव्या घोड्याच्या आजीपर्यंत पोचतात तेव्हा घोडे सुटलेले असतात आणि बहुतेक वेळा दहावा जिंकतो. "टाइप..." म्हणून नाना सुरुवात करतात आणि वाक्य तसंच सोडून देतात. दोष द्यावा तर आता टाइप त्यांचाच.

तरी त्यांना जुगारी म्हणायची सोय नाही. 1996 साली सुप्रीम कोर्टाने घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ आहे, नशिबाचा नव्हे, असा निकाल दिला, आणि नानांनी त्याचं पुढचं अनुमान स्वतः काढलं. "खेळ कौशल्याचा. कौशल्य म्हणजे अभ्यास. अभ्यास म्हणजे वाचन. मग वाचायला येणार नाही असं छापणं म्हणजे काय? कोर्टाचा अवमान!" बेटिंगवरचा जीएसटी 28 टक्के होता, तो सप्टेंबर 2025 मध्ये 40 झाला. ती बातमी मात्र नानांनी चष्म्याशिवाय वाचली. सरकारचा आकडा कोणत्याही टायपात दिसतो.

एक गोष्ट नाना सांगत नाहीत. ती नानींनी सांगितली, फ्रिजकडे बोट दाखवून. फार पूर्वी, मोठ्या अक्षरांची भानगड सुरू व्हायच्या आधी, नानांनी पुस्तकात हेरलेल्या 3 नंबरच्या घोड्याचा आकडा 8 असा वाचला. खिडकीवर 8 चं तिकीट घेतलं. आठ नंबरवर घोड्याच्या मालकानेसुद्धा पैसे लावले नसावेत. तो आला. नुसता आला नाही, सगळ्यांना मागे टाकून एकटा आला. तीन नंबर अजून येतोय म्हणतात. त्या पैशांत फ्रिज आला. मी एकदा नानांसमोर तो विषय काढला. ते बराच वेळ फ्रिजकडे बघत राहिले आणि मग खालच्या आवाजात, कोणाची तरी आठवण काढावी तसे म्हणाले, "टाइप बारीक होता."

अशा माणसाने खरं तर तीन-आठाचा घोळ जपून ठेवायला हवा. नानांनी उलट मला वरच्या बाजूला सपाट असलेला तीनचा आकडा शोधायला लावला. साधा तीन अधू डोळ्यांना आठासारखा दिसतो, सपाट डोक्याचा दिसत नाही. पुढे म्हणाले, ओळी सुट्या सोडा. मग म्हणाले, आकडे ठळक करा. मग म्हणाले, चार प्रती काढा. शाईच्या भावावरून माझा तोल गेला. चार कशाला? एकाच वेळी चार ठिकाणी हरायचंय का? नानांनी उत्तर दिलं नाही, शाईचे पैसे टेबलावर ठेवले.

उत्तर महालक्ष्मीला मिळालं. कठड्यालगत एका ठरावीक जागी नाना पिशवी उघडतात आणि चार-पाच म्हातारे तिथे सहज फिरत आल्यासारखे येतात. एक काठीवाले बावाजी. एक जुने टॅक्सीवाले, त्यांच्या नजरेचा मधला भाग गेलेला. ते कागद नाकासमोर धरत नाहीत, जरा बाजूला धरतात आणि मान वळवून कडेने वाचतात. सुट्या ओळी त्यांच्यासाठी होत्या. बावाजी नाकावर चष्मा असताना म्हणाले, "नाना, चश्मा घेर भुली गयो, जरा आपो नी." नानांनी त्यांच्या चष्म्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "चश्मानूं कंई नथी बावाजी," असं त्यांच्याच गुजरातीत म्हणून पुढे मराठीत आले, "हल्ली पुस्तकाचा टाइपच बारीक आहे." टॅक्सीवाले लगेच म्हणाले, "फारच बारीक." मग तिघांनी मिळून छापणाऱ्याला मनसोक्त शिव्या घातल्या. डोळ्यांचा विषय कोणी काढला नाही.

महालक्ष्मीचा ट्रॅक सुमारे 2400 मीटरचा. घोडे पलीकडच्या बाजूला गेले की चांगल्या डोळ्यांनाही नुसते ठिपके दिसतात आणि सगळं स्टँड लाउडस्पीकरवरच्या कॉमेंट्रीला कान लावून उभं राहतं. त्या अर्ध्या मिनिटात नानांना सगळ्यांइतकंच दिसतं. तेव्हा ते फार खुशीत असतात. मग घोडे वळणावरून घरच्या बाजूला लागतात, लोक नंबर ओरडायला लागतात आणि नाना शेजाऱ्याचा दंड धरून विचारतात, "कोण? कोण पुढे?" टॅक्सीवाले कडेने बघून सांगतात. चुकीचं सांगतात बऱ्याचदा.

गेल्या महिन्यात नानांनी पुस्तक छापणाऱ्यांना पत्र लिहायचं ठरवलं. मजकूर त्यांनी सांगितला, टाइप मी केला. "महालक्ष्मीचा ट्रॅक 1883 चा, इंडियन डर्बी 1943 पासूनची. तेव्हापासून घोडे वाढले, बक्षिसं वाढली, प्रेक्षकांची वयं वाढली. टाइप तेवढा वाढायचा राहिला. सगळ्या घोड्यांचं वय आपण 1 जानेवारीला बिनचूक एकाने वाढवता, वाचणाऱ्याचंही धरावं." पत्र एका पानात बसत होतं. नाना म्हणाले, नको, चोवीस पॉइंटात काढा. तीन पानं होतील, म्हटलं. पाकीट फुगेल, टपाल वाढेल.

"वाढू दे," नाना म्हणाले. "साहेबांनाही वय असतंच की."