बोईसरात रांबुटान, ऐकलंत का?

अहो, ऐकलंत का? बोईसरला चांगल्या घरची माणसं परसात रांबुटान लावायला लागलीत! चिकू नाही, नारळ नाही, शेवगासुद्धा नाही. मलेशिया-इंडोनेशियाच्या जंगलातला, अंगभर केस वाढलेला लिचीचा भाऊबंद! आणि ज्यांना परस नाही त्यांनी गच्चीवर निळा ड्रम अर्धा कापून त्यात जबोटिकाबा बसवलाय. एमआयडीसीच्या शेजाराचा एवढा तरी फायदा, ड्रमला तोटा नाही.

हा जबोटिकाबा ब्राझीलचा. काळी काळी फळं, आणि ती लागतात कुठे? थेट खोडाला! फोटो पाहून एका काकूंनी पदर तोंडाशी नेला. "झाडाला काही लाजलज्जा?" कुणीतरी फणसाचं नाव काढलं, तेव्हा कुठे काकू गप्प झाल्या.

कलमाची किंमत तर विचारूच नका. सासूबाईंना सांगितलेली एक, नवऱ्याला सांगितलेली दुसरी आणि पावतीवरची तिसरीच. वर यांचे लाड! ही बारमाही ओलाव्याची झाडं. आपला पाऊस जूनमध्ये धो धो येतो आणि ऑक्टोबर उजाडला की पाठ फिरवतो. मग हिरवी जाळी बांधा, दुपारी फवारे मारा. नातू उन्हात क्रिकेट खेळतोय त्याची फिकीर नाही, मँगोस्टीनचं पान करपलं की घरात सुतक! तेही झाड आपल्या कोकमाच्याच कुळातलं, पण बी लावली तर फळाला सात-दहा वर्षं सहज घेतं. कोसबाडला कृषी विज्ञान केंद्र आहे, पण तिथे कोण विचारतो? सल्ला घ्यायचा तो रीलवाल्याचा.

ड्युरियनचीही कुजबुज आहे. सिंगापूरच्या मेट्रोत ते फळ न्यायला बंदी आहे म्हणे वासापायी. सातपाटीच्या सुक्या बोंबलांसोबत डहाणू लोकलने रोज प्रवास करणाऱ्यांना त्याची भीती कोण घालणार?

पण "परदेशी, परदेशी" म्हणून नाक मुरडणाऱ्या बागायतदारांनी आधी घरची कुंडली काढावी. घोलवडचा चिकू गावचा म्हणून मिरवतो, 2016 पासून भौगोलिक मानांकनही खिशात घालून बसलाय. माहेर विचारा की! मेक्सिको आणि मध्य अमेरिका. घोलवडला तो आला 1898 च्या सुमारास. बरं, आजही स्वतःच्या पायावर उभा नाही. चिकूचं कलम बांधतात ते आपल्या रायणीच्या खुंटावर. मुळं इथली, वरचा थाट पाहुण्याचा. असा घरजावई गावात दुसरा नाही! मोह, बकुळ, रायण, चिकू, सगळी एकाच कुळातली. त्याच कुळातला अ‍ॅमेझॉनच्या जंगलातला पिवळाधमक अबियू आता कुणाच्या वाडीत आला, तर चिकूवाल्यांनी कोणत्या तोंडाने बोलायचं?

खरी भानगड तर तारापूरकडची. एका गृहस्थांनी मुंबईहून रांबुटान आणले, खाल्ले आणि बी परसात टोचली. वर्षानुवर्षं पाणी घातलं. यंदा मोहर आला, कॉलनीत पेढे वाटले. मग एक जाणकार आले, त्यांनी भिंगातून फुलं पाहिली आणि पेढा हातातच ठेवला. झाड नर! बियांपासून वाढवलेल्या रांबुटानांत जवळजवळ निम्मी झाडं नर निघतात. फुलतात पण फळत नाहीत. म्हणूनच कलम घ्यावं म्हणतात, पण तेव्हा गृहस्थांना पैसे वाचवायचे होते.

आता कॉलनीत तीन पक्ष पडलेत. एक म्हणतो, तोडा. दुसरा म्हणतो, फळणाऱ्या झाडाचा डोळा आणून याच्यावर भरा. तिसरा पक्ष बायकांचा. त्यांचं म्हणणं, शेजारी कलमाची नवरी आणून लावा, तुळशीच्या लग्नात हेही उरकून टाकू. मुहूर्ताबद्दल दुमत नाही. नवरीचे पैसे कुणी द्यायचे, तिथे बैठक अडलीय.